इम्प्लांटआधी जबड्याचं हाड भरायला सांगितलंय? मग हे वाचून ठेवा

दात काढला की त्याला धरून बसलेलं हाड बेकार होतं, आणि शरीर बेकार हाडाला फार दिवस पोसत नाही. पहिल्या सहा महिन्यांत त्या जागेची रुंदी सरासरी ४ मिमीच्या आसपास आणि उंची १ ते १.५ मिमी कमी होते. वर्षभरात जेवढी झीज व्हायची, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच उरकते. झीज सगळीकडून सारखी नसते. ओठा-गालाच्या बाजूची भिंत आधी ढासळते. वरच्या समोरच्या दातांवर ही भिंत बऱ्याच जणांत मुळातच १ मिमीपेक्षा पातळ असते आणि तिचं बरंचसं रक्त दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंमधून येतं. दात गेला की तंतू गेले, आणि तंतूंबरोबर ते रक्तही. म्हणून जुन्या रिकाम्या जागेवर बाहेरून बोट फिरवलं तर खळगा लागतो आणि वर सुरीसारखी अरुंद कड.

त्या कडेत इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दात धरून ठेवणारा स्क्रू, बसत नाही, म्हणून हाड भरायला, म्हणजे ‘बोन ग्राफ्ट’ करायला, सांगतात. इथे पहिला गैरसमज दूर करू. ग्राफ्ट म्हणजे भोकात सिमेंट भरणं नाही. ग्राफ्टसाठी भरतात ते बाटलीतले दाणे काही तुमचं हाड होत नाहीत, ते जागा अडवून धरतात. हाड तुमचं शरीरच बनवतं. खालच्या जिवंत हाडातून बारीक रक्तवाहिन्या दाण्यांच्या फटींत शिरतात आणि त्यांच्या पाठोपाठ हाड बनवणाऱ्या पेशी येतात. त्यासाठी वर हिरडी पूर्ण मिटलेली हवी, खालून रक्त हवं, जागा खचता कामा नये आणि आतला माल हलता कामा नये. यातलं एक जरी चुकलं तरी भारीतला भारी माल वाया जातो. ‘डॉक्टर, पावडर कुठल्या कंपनीची?’ हे जवळजवळ प्रत्येक पेशंट विचारतो. ‘हिरडी ओढून मिटवणार कशी?’ हे कोणी विचारत नाही. खरा प्रश्न तो आहे.

आधी हिशेब: मुळात ग्राफ्ट लागतो का?

नेहमीच्या वापरातले इम्प्लांट साधारण ३.५ ते ५ मिमी जाड आणि ८ ते १२ मिमी लांब असतात. ४ मिमीचा इम्प्लांट धरा. त्याच्या ओठाकडच्या बाजूला २ मिमी हाड राहायला हवं, जिभेकडच्या किंवा टाळूकडच्या बाजूला निदान १ मिमी. म्हणजे कडेची रुंदी ७ मिमी लागली. शेजारच्या दाताच्या मुळापासून १.५ मिमी अंतर, दोन इम्प्लांटमध्ये ३ मिमी. खालच्या जबड्यात मागच्या बाजूला हाडाच्या आतून नस जाते, तिच्यावर २ मिमी जागा मोकळी सोडायची. म्हणून ८ मिमीच्या इम्प्लांटला नसेच्या वर १० मिमी हाड लागतं. (ड्रिलचं टोक निमुळतं असतं आणि खुणेपेक्षा थोडं पुढे जातं. २ मिमीचा राखीव पट्टा त्याचाही विचार करून ठेवलेला असतो.)

आता तुमची रुंदी यावर ठेवून बघा. ७ मिमी किंवा जास्त असेल तर ग्राफ्टशिवाय काम होतं. ५ ते ६ मिमी असेल तर बहुतेक वेळा इम्प्लांट आणि ग्राफ्ट एकाच बैठकीत होतात: इम्प्लांट मुळच्या हाडात घट्ट बसतो, बाहेरच्या बाजूला एक-दोन पेच उघडे पडतात आणि त्यांच्यावर दाणे घालून झाकतात. ४ मिमी किंवा कमी असेल तर आधी हाड, मग इम्प्लांट, असे दोन वेगळे टप्पे. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. खळगा दोन बाजूंनी हाडाने वेढलेला असेल तर ४ मिमीतही एका बैठकीत जमतं, आणि सपाट कडेवर उंची वाढवायची असेल तर ६ मिमी रुंदी असूनही दोन टप्पे करणं शहाणपणाचं ठरतं. भिंती जितक्या जास्त, तितकं काम सोपं. उंची वाढवणं रुंदी वाढवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. कोणी ‘पाच-सहा मिमी उंची सहज वाढवून देतो’ म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पायरी १: मोजमाप

नेहमीच्या मोठ्या एक्स-रेवर, म्हणजे ओपीजीवर, रुंदी दिसतच नाही आणि उंचीही प्रत्यक्षाहून मोठी दिसते. त्यावरून ग्राफ्टचा निर्णय होत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन लागतो. त्यात जबड्याचे आडवे काप मिळतात आणि प्रत्येक कापावर रुंदी-उंची मोजता येते. डॉक्टरांना स्क्रीनवर तो काप दाखवायला सांगा. रुंदी कडेच्या अगदी टोकावर मोजली की भ्रम होतो. टोकापासून २ मिमी खाली, ४ मिमी खाली आणि ६ मिमी खाली अशी तीन मापं घेतली की हाडाचा आकार कळतो. टोकाला ३ मिमी असलेली कड चार मिमी खाली ७ मिमी भरत असेल, तर थोडी कड तासून विनाग्राफ्ट काम होण्याची शक्यता असते.

वरच्या मागच्या दाढांसाठी स्कॅनमध्ये आणखी काही बघावं लागतं: सायनसच्या (दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीच्या) तळाशी हाड किती मिमी उरलंय, आत आडव्या भिंती आहेत का, आतलं अस्तर सुजून जाड झालंय का, सायनसचं नाकात उघडणारं तोंड मोकळं आहे का, आणि बाहेरच्या भिंतीतून जाणारी धमनी कुठल्या उंचीवर आहे. अस्तर खूप जाड असेल किंवा सर्दी-सायनस वरचेवर भरत असेल, तर आधी कान-नाक-घसा डॉक्टर. हे टाळून पुढे गेलेली केस नंतर त्यांच्याकडेच जाते, फक्त पूने भरलेली.

पायरी २: तोंड आणि तब्येत सांभाळून घेणं

उरलेल्या दातांच्या हिरड्यांतून पू किंवा रक्त येत असेल तर ग्राफ्ट थांबवायचा. आधी सफाई, गरज असेल तर हिरड्यांचे उपचार, आणि घरचं ब्रशिंग सुधारलंय याची खात्री. शेजारच्या दाताच्या मुळाशी जंतुसंसर्ग असेल तर तो आधी संपवायचा, नाहीतर ग्राफ्ट शेजारून सडतो.

मधुमेहाला मनाई नाही, पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी करून घ्या. ७ च्या आसपास असेल तर निर्धास्त, ८ च्या वर असेल तर बहुतेक जण आधी ती खाली आणायला सांगतात. जखम मिटणं हाच या कामाचा कणा आहे आणि साखर वाढली की नेमकी तीच रखडते.

सिगरेट-बिडी: किमान एक आठवडा आधी बंद, आणि नंतर निदान आठ आठवडे. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीची कड काळवंडते आणि टाके उसवतात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये टाक्यांवाटे ग्राफ्ट उघडा पडण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त आहे. तंबाखू गालात धरणाऱ्यांनी तर जखमेवरच विष ठेवल्यासारखं होतं. हे डॉक्टरांपासून लपवून फसवणूक फक्त स्वतःची होते.

औषधांची यादी न्या, जुन्या औषधांसकट. हाडं ठिसूळ झाली म्हणून घेतलेल्या बिस्फॉस्फोनेट गोळ्या, वर्षातून एकदाचं इंजेक्शन, डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन, कॅन्सरसाठी दिलेली त्याच वर्गातली मोठी मात्रा: या औषधांनी शस्त्रक्रियेनंतर जबड्याचं हाड मरून उघडं पडू शकतं. गोळ्या दोन वर्षांपूर्वी बंद केल्या म्हणून सांगायचं टाळू नका, बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षं राहतात. डेनोसुमॅब मात्र स्वतःच्या मनाने लांबवू नका, ते अचानक थांबवलं तर मणक्याची हाडं मोडण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, निर्णय ज्यांनी त्या लिहून दिल्या त्यांचा. मान किंवा जबड्यावर किरणोपचार झाले असतील तर तेही पहिल्या भेटीतच सांगा.

पायरी ३: मार्ग निवडणं

दात अजून तोंडात असेल आणि काढायचाच ठरलं असेल, तर सगळ्यात सोपा ग्राफ्ट आजच करता येतो. दात हलक्या हाताने, भिंत न मोडता काढायचा, खळगा खरवडून साफ करायचा, त्यात दाणे सैल भरायचे आणि वर कोलाजेनचा (प्राणिज प्रथिनाचा) तुकडा किंवा पडदा, म्हणजे हिरडीला आत शिरू न देणारं पातळ आवरण, ठेवून टाका घालायचा. एका मुळाच्या दाताला साधारण अर्धा सीसी माल पुरतो, दाढेला एक सीसीच्या आसपास. याने झीज थांबत नाही, कमी होते. पण नंतरच्या मोठ्या ऑपरेशनची गरज बऱ्याच जणांना उरत नाही. दात काढायला जाताना ‘पुढे इम्प्लांट करायचाय’ एवढं एक वाक्य बोलून ठेवलं तर वर्षभर वाचू शकतं.

जागा रुंदीला कमी पडत असेल तर दाणे आणि वर पडदा ही पद्धत सर्वात जास्त वापरली जाते. पुढचं सविस्तर वर्णन तिचंच आहे. कड ३-४ मिमी असून मधे मऊ हाड असेल तर ती उभी चिरून दोन फाळक्या हळूहळू बाजूला सारतात. खालच्या जबड्यात हाड कडक असल्याने फाळकी तुटण्याचा धोका जास्त. झीज फारच असेल तर हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागच्या भागातून हाडाची पट्टी घेऊन बारीक स्क्रूंनी बसवतात. जबड्याचा मोठा भागच गेला असेल तर कमरेच्या हाडातून घेतात, आणि ते काम पूर्ण भूल देऊन हॉस्पिटलमध्ये. हनुवटीतून घेतल्यावर खालच्या समोरच्या दातांना काही महिने बधिरपणा जाणवू शकतो. म्हणून पर्याय असेल तेव्हा मागचा भाग बरा.

आणि ग्राफ्ट टाळण्याचे मार्ग आहेत, ते न सांगणाऱ्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ६ मिमीचे आखूड इम्प्लांट, ३ ते ३.३ मिमीचे बारीक इम्प्लांट, संपूर्ण जबड्यासाठी चार इम्प्लांटवरचा सेट (त्यात मागचे दोन तिरके घालतात), वरच्या जबड्यात गालाच्या हाडात जाणारे लांब इम्प्लांट, किंवा सरळ ब्रिज. सत्तरीच्या, साखर अनियमित असलेल्या माणसाला ६ मिमीचा आखूड इम्प्लांट हा उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा अनेकदा शहाणा निर्णय असतो.

पायरी ४: माल

चार प्रकार आहेत. स्वतःचं हाड: यात जिवंत पेशी असतात, हाड सर्वात लवकर बनतं, पण ते विरघळून आकाराने घटतंही लवकर, शिवाय काढायला दुसरी जखम. दात्याचं हाड: ऊतक-पेढीतून आलेलं, प्रक्रिया करून गोठवून वाळवलेलं. चार ते सहा महिन्यांत त्याची बरीचशी जागा नवं हाड घेतं. प्राण्याचं हाड, बहुतेक वेळा गाईगुरांचं: त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून फक्त खनिजाचा सांगाडा ठेवलेला असतो. तो इतका सावकाश विरघळतो की वर्षांनंतरही दाणे सापडतात, आणि म्हणूनच आकार टिकवायला उत्तम. चौथा कृत्रिम: बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सीॲपेटाइट, बायोॲक्टिव्ह काच. पडद्याचं कोलाजेन डुकराचं किंवा गाईगुरांचं असतं. हे चालत नसेल तर टेबलावर झोपल्यावर नव्हे, पहिल्या भेटीत सांगा, कृत्रिम दाणे आणि पीटीएफईचा, म्हणजे न विरघळणाऱ्या प्लास्टिकचा, पडदा असा पर्याय काढता येतो.

दाण्यांचा आकार बहुधा पाव ते एक मिमी, सायनससाठी एक ते दोन मिमीचेही वापरतात. पिठासारखा बारीक माल चांगला नाही. फटी उरत नाहीत, रक्तवाहिन्या शिरत नाहीत, आणि सफाई करणाऱ्या पेशी तो लगेच फस्त करतात. रुंदी वाढवताना अर्धं स्वतःचं खरवडलेलं हाड आणि अर्धे प्राणिज दाणे असं मिश्रण बरेच सर्जन वापरतात: एक हाड बनवायला, दुसरं जागा धरायला.

तुमच्याच रक्तातून पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट भरपूर असलेली गुठळी, काढतात, त्याचं हल्ली फार कौतुक चालतं. हातातून १० मिलीच्या नळ्यांत रक्त घेऊन लगेच यंत्रात फिरवतात, रूढ पद्धत मिनिटाला २७०० फेऱ्यांवर १२ मिनिटं. नळीत रक्त न गोठू देणारं औषध नसतं, म्हणून घेणं आणि फिरवणं यात दोन मिनिटं गेली तरी गुठळी बिघडते. वर पिवळसर जेलीचा गोळा मिळतो. तो चपटा केला की पडदा, कातरून दाण्यांत मिसळला की दाणे एकमेकांना धरून राहतात. हिरडी छान भरते, दुखणं कमी होतं. पण तो खऱ्या पडद्याची जागा घेत नाही, कारण आठवडा-दोन आठवड्यांत विरघळतो.

पायरी ५: टेबलावर नेमकं काय घडतं

भूल जागेपुरती. काम एक ते दीड तासाचं. चीर कडेच्या मधोमध, घट्ट गुलाबी हिरडीतून, आणि दोन्ही टोकांना निदान एक दात सोडून उभ्या चिरा. चिरा दाण्यांच्या वरून जाता कामा नयेत. हिरडी हाडावरच्या पातळ आवरणासकट उचलतात. मग हाडावरचा उरलेला मऊ भाग खरवडून काढतात आणि बारीक गोल बरने (ड्रिलच्या टोकाने), सलाइनच्या धारेखाली, कडक पृष्ठभागात टाचणीएवढी भोकं पाडतात. या भोकांतून रक्त डोकावलं पाहिजे. कोरड्या पांढऱ्या हाडावर दाणे ठेवले तर खालून काहीच येत नाही.

यानंतरचं काम बाहेरून दिसत नाही, पण सगळा खेळ तिथेच आहे. आता आत माल भरला की हिरडीला पूर्वीपेक्षा मोठी जागा झाकायचीय. ती कापड नव्हे ताणायला. म्हणून उचललेल्या हिरडीच्या आतल्या बाजूचं ते पातळ, पांढरट, चिवट आवरण नव्या पात्याने आडवं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सलग एका रेषेत कापतात. खोली अर्धा-एक मिमी, त्याहून नाही. पातं बरोबर लागलं की आवरण उघडतं, आतला लवचीक भाग दिसतो आणि हिरडी अचानक सैल पडते. तपासणी साधी: चिमट्याने हिरडी ओढून पलीकडच्या कडेवर ५ मिमी पुढे ठेवायची आणि सोडायची. तिथेच पडून राहिली तर जमलं. मागे सरकली तर अजून सोडवायची. टाका ताणून घट्ट बांधला म्हणजे मिटली असं होत नाही. ताणलेल्या टाक्याखाली हिरडीचं रक्त अडतं आणि आठवड्यात ती फाटते. खालच्या जबड्यात उपदाढांजवळ नस हाडातून बाहेर येते, तिथे हे काम डोळ्यांनी नस पाहूनच करायचं, नाहीतर ओठ बधिर. हे सगळं माल भरण्याआधी उरकतात, नंतर केलं तर रक्ताच्या ओघात दाणे वाहून जातात.

मग दाणे. वाटीत सलाइन किंवा पेशंटच्याच रक्ताने भिजवलेले, ओल्या वाळूसारखे: चमच्याने उचलले तर ढेकूळ राहावं, पण पाणी गळू नये. भरताना हलका दाब, ठेचून नाही. हव्या असलेल्या जाडीपेक्षा थोडं जास्त भरतात, कारण काही घट होणारच. वर पडदा, दाण्यांच्या पलीकडे सगळीकडून २-३ मिमी निरोगी हाडावर टेकेल असा कापलेला, शेजारच्या दातांपासून थोडा दूर. पडदा टायटॅनियमच्या बारीक टाचण्यांनी किंवा खोल टाक्यांनी ताणून बसवतात. बोटाने दाबून पाहिलं तर आतला माल हलता कामा नये. हलणाऱ्या मालात हाडाऐवजी तंतूंचा मऊ गोळा तयार होतो. कोलाजेनचा साधा पडदा विरघळतो, काढावा लागत नाही. उंची वाढवायची असेल तर मात्र तो खचतो, तिथे टायटॅनियमच्या काड्यांचा पीटीएफई पडदा किंवा जाळी हवी, आणि ती पुढे काढावी लागते.

टाके दोन थरांत: आधी कडेपासून ४-५ मिमी मागे आडवे, ताण घेणारे, मग कडेवर सुटे. कडा आतल्या बाजूने एकमेकींना भिडल्या पाहिजेत, एकीवर एक चढलेल्या नकोत. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात.

सायनस लिफ्ट

वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते आणि दाढ गेल्यावर ती खाली उतरत येते. खाली ५ ते ८ मिमी हाड उरलं असेल तर इम्प्लांटच्या भोकातूनच तळ वर ढकलतात आणि इम्प्लांट त्याच वेळी बसतो. ४ मिमीहून कमी असेल तर गालाच्या बाजूने हाडात खिडकी करतात. खिडकीतून दिसणारं अस्तर निळसर-करडं असतं आणि श्वासाबरोबर हलतं. ते अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्यासारखं असतं. वळलेल्या बोथट हत्यारांनी, हत्याराची कड सतत हाडाला टेकवून, ते चहूबाजूंनी सोडवत वर घेतात आणि खालच्या पोकळीत दाणे भरतात. एका इम्प्लांटसाठी साधारण एक-दोन सीसी, दोन-तीनसाठी तीन-चारपर्यंत.

अस्तर फाटणं हा यातला सगळ्यात नेहमीचा अपघात, अनुभवी हातांतही होतो. ५ मिमीच्या आतलं छिद्र असेल तर आजूबाजूचं अस्तर सैल करून वर कोलाजेनचा पडदा लावतात आणि काम पुढे जातं. मोठं फाटलं तर बंद करून तीन-चार महिन्यांनी परत यायचं. अशा वेळी थांबलेल्या डॉक्टरांवर रागावू नका, त्यांनी बरोबर केलं. फाटक्या अस्तरातून दाणे वर गेले की सायनसचं तोंड बुजतं.

पायरी ६: घरी आल्यावर

पहिला दिवस बर्फ, २० मिनिटं ठेवायचा, २० मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, मग उतरते. हिरडी सोडवलेली असल्याने गालावर निळसर डाग हनुवटीपर्यंत उतरू शकतो, घाबरण्यासारखं नाही. उशी उंच. पहिले २४ तास जोरात चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. त्यानंतर सांगितलेल्या क्लोरहेक्सिडीनने हलकी चूळ, जखमेवर ब्रश टाके निघेपर्यंत नाही. खाणं मऊ आणि दुसऱ्या बाजूने. अँटिबायोटिक बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडू नका. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगितलेलं असावं.

ओठ उचलून जखम आरशात पाहण्याचा मोह फार वाईट. प्रत्येक वेळी ओठ ओढला की आतली हिरडी टाक्यांवरून खेचली जाते. त्याहून वाईट कवळी. जुनी काढघाल कवळी जखमेवर टेकली तर चार दिवसांत ग्राफ्ट चेंगरतो. दोन-तीन आठवडे ती घालूच नका, नंतर आतून खोलगट करून घ्या. समोरचा दात असेल तर शेजारच्या दातांना चिकटवलेला, हिरडीला न टेकणारा तात्पुरता दात आधीच तयार ठेवायला सांगा.

सायनसचं काम झालं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडं ठेवून, विमान आणि डुबकी डॉक्टरांना विचारून.

काय बिघडतं आणि केव्हा फोन करायचा

जखमेतून दोन-चार दाणे वाळूसारखे तोंडात येणं नेहमीचं आहे. रोज येत राहिले तर दाखवा. चौथ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, खारट-घाण चव आली तर तो जंतुसंसर्ग, त्याच दिवशी जा. भूल उतरायच्या वेळेनंतरही ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर सकाळची वाट पाहू नका.

सर्वात नेहमीची अडचण म्हणजे हिरडी उघडून पडदा दिसणं. इथे पडदा कुठला, यावर सगळं ठरतं. कोलाजेनचा असेल तर बहुतेक वेळा चुळा आणि लक्ष ठेवणं पुरतं, हिरडी पुन्हा भरते आणि हाडाचा थोडा भाग गमावतो. दात काढलेल्या खळग्यावर दाट पीटीएफईचा पांढरा पडदा मुद्दाम उघडा ठेवतात आणि तीन-चार आठवड्यांनी ओढून काढतात, ते बिघाड नव्हे. मोठ्या ग्राफ्टवरचा सच्छिद्र पीटीएफई उघडा पडला तर मात्र जंतू त्याच्या छिद्रांत घर करतात, तो काढावाच लागतो. म्हणून घरी जाण्यापूर्वी ‘आत कुठला पडदा आहे, दिसला तर काय करायचं’ हे लिहून घ्या.

दुसरी अडचण शांतपणे येते. सगळं छान मिटतं, पण सहा महिन्यांनी उघडल्यावर वरचे दाणे सुटे निघतात, खाली मात्र हाड असतं. कारण बहुधा माल हलला किंवा वरच्या थरापर्यंत रक्त पोहोचलं नाही. खालचं पुरेसं असेल तर इम्प्लांट बसतो, नसेल तर पुन्हा थोडा ग्राफ्ट.

पायरी ७: थांबणं, तपासणं, इम्प्लांट

दात काढलेल्या खळग्याला तीन-चार महिने. रुंदीच्या ग्राफ्टला पाच-सहा, फक्त प्राणिज दाणे असतील तर त्याहून थोडे जास्त. उंचीला आणि खिडकीच्या सायनस लिफ्टला सहा ते नऊ. स्वतःच्या हाडाच्या पट्टीला मात्र चार, आणि तिथे उशीर करणं तोट्याचं, कारण काम नसलेलं ते हाडही पुन्हा झिजू लागतं. त्यापुढे इम्प्लांट हाडाला धरायला साधारण तीन महिने, मग कॅप. सुरुवातीपासून दात येईपर्यंत नऊ महिने ते वर्ष धरून चाला.

थांबण्याच्या काळानंतर पुन्हा सीबीसीटी. एक सावधगिरी: प्राणिज दाणे स्वतःच एक्स-रेवर पांढरे दिसतात, त्यामुळे ‘पांढरं दिसतंय म्हणजे हाड झालं’ असं नाही. खरी परीक्षा ड्रिल करताना: हाताला विरोध लागतो का, भोकातून रक्त येतं का, दाणे एकमेकांत घट्ट बसलेत का. इम्प्लांट पिळून बसवताना शेवटी ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर एवढा जोर लागला तर समाधानकारक. नव्या हाडात त्याहून सैल बसला तर त्यावर लगेच दात न लावता झाकून ठेवतात.

आणि एक कागदी काम. दाण्यांच्या बाटलीबरोबर, पडद्याबरोबर आणि इम्प्लांटबरोबर लॉट नंबरचे स्टिकर येतात. एक डॉक्टरांच्या फाइलवर लागतं, दुसरं मागून घ्या आणि तारखेसह वहीत चिकटवा. आत टाचण्या किंवा स्क्रू ठेवले असतील तर किती आणि कुठे, हेही त्याच पानावर. पाच वर्षांनी दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा स्कॅनमधल्या त्या चार पांढऱ्या ठिपक्यांचं उत्तर त्या पानावर असेल.